नऊ तासांत अमेरिका? कोल्हापूरहून लांबच्या विमानप्रवासाचं अंतर आणि वेळ कशी काढायची

शेजारच्या काकू तिकिटाची प्रिंट घेऊन दारात उभ्या होत्या. चष्मा कपाळावर, बोट कागदावर. "हे बघ रे, मुंबईतनं पहाटे साडेचारला सुटायचं आणि सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी दुपारी एक चाळीसला उतरायचं. म्हणजे नवू तास झाले. मग जावई एकवीस तास का म्हणतोय? आणि लेक म्हणती, दोन दिवसांच्या गोळ्या जवळच्या पर्समध्ये ठेव. खरं कुणाचं धरायचं?"

लेकीचं खरं, जावयाचंही खरं. चुकलं होतं ते फक्त काकूंचं वजाबाकीचं गणित, आणि ते जवळपास सगळ्यांचंच चुकतं. तिकिटं काढून द्यायचं माझं काम आहे, त्यामुळे "किती तासाचं आहे वो विमान?" हा प्रश्न मला दिवसातून चारदा येतो. या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न असतात: दोन विमानतळांमधलं अंतर किती, विमानात किती वेळ बसायचं, आणि आपल्या दारातून निघून लेकीच्या दारात पोचायला किती वेळ लागणार. तिन्ही उत्तरं घरबसल्या काढता येतात.

आधी विमानतळ पक्का करा

"मुंबई ते लंडन" असं म्हणून भागत नाही. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅन्स्टेड, ल्यूटन असे अनेक विमानतळ आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास ओकलंड आणि सॅन होजे आहेत. त्यातलं सॅन होजे तर आणखी एक आहे, मध्य अमेरिकेत, कोस्टा रिकाची राजधानी. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन आहेत, आणि २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून मुंबईचं तिकीटसुद्धा डोळे उघडे ठेवून वाचावं लागतं.

म्हणून शहराचं नाव सोडा आणि तीन अक्षरी कोड बघा. आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचा केएलएच, मुंबईच्या जुन्या विमानतळाचा बीओएम, सॅन फ्रान्सिस्कोचा एसएफओ. अंतर शोधताना, तिकीट काढताना आणि गाडीवाल्याला सांगताना हाच कोड वापरायचा. कागदावर पहिली ओळ हीच लिहा.

अंतर: दोऱ्याने आणि कॅल्क्युलेटरने

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पृथ्वी गोल, नकाशा सपाट. सपाट करताना उत्तरेकडचा भाग ताणला जातो, आणि लांबची विमानं नेमकी त्याच भागातून जातात.

काकूंना मी पोराचा शाळेचा पृथ्वीगोल दिला आणि शिलाईचा दोरा आणायला सांगितलं. सुतळी चालत नाही, जाड असते आणि घसरते. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि हलकेच ताण दिला. दोरा आपोआप सरकत सरकत जवळच्या वाटेवर जाऊन बसला. काकूंची अपेक्षा होती तो अरबस्तान, युरोप, अटलांटिक असा पश्चिमेकडे जाईल. तो गेला काश्मीरवरून, मध्य आशिया आणि सायबेरिया ओलांडून, उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ समुद्रावरून अलास्कात उतरला आणि तिथून खाली. "अगं बाई, काश्मीरवरनं अमेरिका?" काकू म्हणाल्या. तीच सगळ्यात जवळची वाट. भूगोलाच्या पुस्तकात तिला बृहद्वृत्त म्हणतात.

आता दोरा पट्टीवर मोजा. आमचा गोल १२ इंच व्यासाचा. त्याचा घेर साधारण ९६ सेंटिमीटर, आणि पृथ्वीचा ४०,००० किलोमीटर. म्हणजे एका सेंटिमीटरला सुमारे ४१८ किलोमीटर. दोरा ३२ सेंटिमीटरांपेक्षा थोडा जास्त भरला, म्हणजे साडेतेरा हजार किलोमीटर. तुमचा गोल लहान असेल तर आधी त्याचा घेर दोऱ्यानेच मोजा आणि ४०,००० ला त्याने भागा.

नेमका आकडा हवा असेल तर सायन्सच्या पोराचा कॅल्क्युलेटर घ्या. मुंबई–लंडन करून दाखवतो, कारण त्याचे आकडे सुटसुटीत आहेत. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश वजा चिन्हाने घ्यायचे, त्यामुळे रेखांशांतला फरक ७३.३२ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७० गुणिले ०.७८२३, म्हणजे ०.२५५८. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार: ०.९४५० गुणिले ०.६२२९ गुणिले ०.२८७०, म्हणजे ०.१६८९. दोन्हींची बेरीज ०.४२४७. हा कोसाइन ज्या कोनाचा, तो कोन ६४.८७ अंश. पृथ्वीवरच्या एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणून अंतर आलं सुमारे ७,२१० किलोमीटर. कॅल्क्युलेटर 'डिग्री'वर आहे ना, ते आधी बघा. 'रेडियन'वर असला की लंडन कुठल्या कुठे जाऊन पडतं.

याच रीतीने मुंबई–सॅन फ्रान्सिस्को १३,५१० येतं, आणि मुंबई–सिडनी १०,१६० च्या आसपास. उजळाईवाडी ते मुंबई येतं जेमतेम ३१०. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा.

एवढा खटाटोप नको असेल तर 'ग्रेट सर्कल मॅपर' या संकेतस्थळावर दोन कोड टाका. अंतरही मिळतं आणि वाटही दिसते. तिथे आकडा मैलांत असेल तर १.६०९ ने गुणा. नॉटिकल मैल असेल तर १.८५२ ने.

थांबा घेऊन जायचं असेल तर प्रत्येक टप्पा वेगळा मोजून बेरीज करा. इथे गंमत कळते. मुंबई–दुबई साधारण १,९३० आणि दुबई–सॅन फ्रान्सिस्को १३,०४०, मिळून १५,००० च्या आत. तेच सिंगापूरमार्गे ३,९१० आणि १३,५९०, म्हणजे साडेसतरा हजार. तिकीट चार पैशांनी स्वस्त दिसतं, पण अडीच हजार किलोमीटर जास्त, म्हणजे अंगावर तीन तास जास्त. तरण्या पोरांनी खुशाल जावं. सत्तरीतल्या माणसाला मी ते तिकीट काढून देत नाही.

हवेतला वेळ

मोठी जेट विमानं उंचीवर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. पण चढताना, उतरताना आणि धावपट्टीपर्यंत रांगत जाताना वेग कमी असतो. म्हणून माझा ठोकताळा असा: किलोमीटरला ८५० ने भागायचं आणि अर्धा तास मिळवायचा. दुबई–सॅन फ्रान्सिस्को: १३,०४० भागिले ८५० म्हणजे सव्वापंधरा तास, अधिक अर्धा, पावणेसोळा. काकूंच्या तिकिटावर १५ तास ५० मिनिटं होती.

तिकिटावरची वेळ ही जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यामुळे वैमानिकाने "आपला उड्डाणाचा वेळ पंधरा तास वीस मिनिटं" असं सांगितलं तर विमान लवकर पोचणार म्हणून जावयाला फोन करू नका.

पश्चिमेकडे जाताना मात्र ठोकताळा कमी पडतो. मुंबई–लंडनचे त्याने नऊ तास येतात, पण तिकिटावर जाताना साडेनऊ ते दहा असतात आणि येताना नऊच्या आसपास. कारण वारा. आपल्या उत्तर गोलार्धात विमानाच्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, आणि हिवाळ्यात त्याला विशेष बळ येतं. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ असताना न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं जम्बो विमान याच वाऱ्यावर स्वार होऊन ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं. एरवी या वाटेला साडेसहा-सात तास लागतात. तेव्हा पश्चिमेकडच्या प्रवासाला दहा तासांमागे अर्धा ते पाऊण तास वाढवा. ध्रुवाकडून जाणाऱ्या वाटांवर हा फरक फारसा जाणवत नाही, म्हणून दुबई–सॅन फ्रान्सिस्कोचं गणित बरोबर बसलं.

दुसरं कारण बंद आकाश. दोरा सरळ जातो, विमानाला प्रत्येक देशाची परवानगी लागते. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश आपल्याला बंद होतं. २०२५ च्या एप्रिलपासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना ते पुन्हा बंद केलं गेलं. २०२२ पासून युरोप-अमेरिकेतल्या कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. त्यामुळे एकाच वाटेवर दोन कंपन्यांच्या वेळेत तास-दीड तासाचा फरक दिसू शकतो.

हे सगळं घरी बसून मोजता येणार नाही. त्यावर सोपा उपाय आहे. विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार या संकेतस्थळावर तुमच्या विमानाचा नंबर टाका आणि गेल्या आठवड्यात ते रोज किती वाजता सुटलं, किती वाजता टेकलं ते बघा. सात दिवसांतलं सगळ्यात उशिराचं पोचणं धरून पुढचं गणित करा. वेळापत्रकापेक्षा माझा या यादीवर जास्त विश्वास आहे.

घड्याळांचा घोळ

आता काकूंचे नऊ तास. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. सुटायची वेळ मुंबईची, पोचायची सॅन फ्रान्सिस्कोची. दोन गावांची घड्याळं एकमेकांतून वजा केली की असंच होतं.

माझी रीत एकच: सगळ्या वेळा आधी भारतीय वेळेत आणायच्या आणि मग वजाबाकी. दुबई आपल्यामागे दीड तास. सॅन फ्रान्सिस्को उन्हाळ्यात साडेबारा तास मागे. काकूंचं तिकीट मे महिन्याचं, म्हणून कागदावर असं मांडलं: मुंबई सुटणार पहाटे ४.३०. दुबईला सकाळी ६.१०, म्हणजे आपले ७.४०. झाले ३ तास १० मिनिटं. दुबईहून ८.५० ला, म्हणजे आपले १०.२०, मधला थांबा २ तास ४० मिनिटं. सॅन फ्रान्सिस्कोला दुपारी १.४०, म्हणजे इथले दुसऱ्या दिवशी पहाटेचे २.१०. झाले १५ तास ५० मिनिटं. एकूण २१ तास ४० मिनिटं. जावई पास.

इथे एक खाच आहे. अमेरिका आणि युरोप वर्षातून दोनदा घड्याळ सरकवतात आणि आपण सरकवत नाही. अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात साडेतेरा तास मागे जातं. लंडन उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे. हिवाळ्यातल्या लंडनसाठी काट्याचं मनगटी घड्याळ उलटं धरा, खालचं वर. दिसेल ती लंडनची वेळ. इथे बारा वाजलेत, तर दोन्ही काटे उलटे होऊन साडेसहा दाखवतात. काकूंना ही युक्ती इतकी आवडली की लंडनला कोणी नसतानाही त्या अधूनमधून मनगट उलटं करून बघतात.

विमान कंपन्यांची वेळापत्रकंही मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. जानेवारीत काढलेलं एप्रिलचं तिकीट असेल तर वेळ पुन्हा तपासा.

मधला थांबा

थोडक्यात सांगतो. सगळे टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असले की पहिलं विमान चुकलं तरी पुढची सोय कंपनीने करायची असते, आणि बॅगही साधारणपणे थेट पुढे जाते. दोन वेगळी तिकिटं असली की बॅग तुमची, धावपळ तुमची आणि बुडालेले पैसेही तुमचेच. एका तिकिटाला दोन-तीन तासांचा थांबा पुरतो. वेगळ्या तिकिटांना मी सहा तासांच्या खाली जात नाही. अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतराल, तिथे इमिग्रेशन होऊन बॅग हातात घ्यावी लागते आणि पुढच्या विमानासाठी परत द्यावी लागते. तिकडे अंतर्गत विमान पुढे पकडायचं असेल तर तीन तासांहून कमी थांबा घेऊ नका. थांब्याच्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते पैसे भरायच्या आधी विचारा. आणि आई-वडील पहिल्यांदा निघाले असतील तर व्हीलचेअर मागा. गुडघे ठणठणीत असले तरी मागा. ती ढकलणारा माणूस रस्ता दाखवतो.

पहिले तीनशे किलोमीटर

आता तो ३१० चा आकडा. उजळाईवाडी–मुंबई आकाशातून ३१०. रस्त्याने ३८० च्या आसपास. रेल्वेने ५१८, कारण महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरज, सातारा, पुणे असं करत जाते. एकाच प्रवासाची तीन अंतरं, आणि वेळ तर आणखीच वेगळा.

काकूंचं विमान पहाटे ४.३० चं. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोचायचं, म्हणजे रात्री १.३०. रस्त्याचे आठ तास धरले तरी तावडे हॉटेलपाशी हायवेला लागून किणीचा टोल, पुढे कराड-सातारा भागातली वळणं, खंबाटकी, कात्रज, खंडाळा, असं कुठेही तास-दोन तास जाऊ शकतात. म्हणून अडीच तास हाताशी ठेवले आणि घरातून निघायची वेळ आली दुपारी ३. शुक्रवारची संध्याकाळ किंवा गणपतीचे दिवस असते तर मी दुपारी १ सांगितलं असतं.

उजळाईवाडीहून विमानाने का नाही? जाता येतं, तासाभरात मुंबई. इथे पंख्याचं छोटं एटीआर विमान असलं तर त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास, पण एवढ्याशा अंतराला त्याने काही बिघडत नाही. अडचण वेगळीच आहे: दिवसाचं विमान पकडलं तर पहाटेच्या विमानापर्यंत मुंबईत ताटकळायचं, आणि तिकीट वेगळं असलं तर उशीर झाल्याची जोखीम आपल्या डोक्यावर. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर मिळत असतील तर जरूर घ्या, कंबर वाचते. महालक्ष्मी सकाळी मुंबईत सोडते, त्यामुळे दुपारच्या विमानाला ती उत्तम. पहाटेच्या विमानासाठी तिने गेलं तर अख्खा दिवस मुंबईत काढायचा. सिंगापूर, हैदराबाद, बंगळूर असा दक्षिण-पूर्वेचा बेत असेल तर मुंबईचा हट्ट सोडून आंबोलीमार्गे मोपा किंवा बेळगावही तपासून बघा.

आता बेरीज. दुपारी ३ ते पहाटे ४.३०, साडेतेरा तास. विमानं आणि थांबा, २१ तास ४० मिनिटं. तिकडे इमिग्रेशन, बॅग आणि लेकीच्या घरापर्यंतचा रस्ता मिळून अडीच तास. एकूण ३७ तास ४० मिनिटं. दुबई ते सॅन फ्रान्सिस्को हे १३,००० किलोमीटर सोळा तासांत, आणि आपले पहिले ३१० साडेतेरा तासांत. म्हणून दोन दिवसांच्या गोळ्या पर्समध्ये. लेकही पास.

कोणी "थेट विमान घेऊ का, दोन-तीन तास वाचतील" असं विचारलं की मी आधी विमान मुंबईहून किती वाजता सुटतं ते बघतो. रात्री साडेदहाचं विमान असेल तर कोल्हापूरकराला सकाळी नाश्ता करून निघता येतं आणि घाटही उजेडात पार होतो. त्याची किंमत दोन तास वाचण्यापेक्षा जास्त.

परतीची तारीख

जाताना एका दिवसात पोचलेली माणसं येताना तिसऱ्या वारी उतरतात. काकूंचं परतीचं विमान सोमवारी दुपारी ४ चं, म्हणजे आपले मंगळवारचे पहाटे ४.३०. दुबईला मंगळवारी संध्याकाळी ६.४०, तिथून रात्री ९.५५ ला सुटून मुंबईत बुधवारी रात्री २.२०. प्रवास २१ तास ५० मिनिटं, जातानाइतकाच, पण कागदावर सोमवार ते बुधवार.

या "बुधवारी रात्री २.२०" ने मला एकदा चांगलंच झोपवलं होतं. धंद्यातली सुरुवातीची वर्षं. एका जोडप्यासाठी मी गाडीवाल्याला "बुधवारी रात्री दोनला विमानतळावर" असं सांगितलं. तो बिचारा बुधवारी संध्याकाळी कोल्हापुरातून निघाला. माणसं मंगळवारची रात्र उलटल्यावरच उतरून बाहेर उभी होती. चोवीस तासांची चूक, आणि चूक सर्वस्वी माझी. दुसऱ्या गाडीचे पैसे मी भरले.

तेव्हापासून मध्यरात्र ते पहाट यातलं कुठलंही विमान असलं की मी तारीख एकट्याने सांगत नाही. "मंगळवारी दुपारी जेवून निघायचं, मंगळवारची रात्र उलटल्यावर दोन वाजता माणसं बाहेर येतील" असं सांगतो आणि गाडीवाल्याकडून तेच परत म्हणवून घेतो. जातानाही तेच. "१२ तारखेला रात्री १२.४०" म्हणजे ११ तारखेला संध्याकाळी तुम्ही मुंबईत असायला हवं.

काकूंच्या फ्रिजवर आता एक कागद चिकटवलाय. डावीकडे तिकिटावरची वेळ, मधे कोल्हापूरची वेळ, उजवीकडे त्या वेळी कुठे असायचं ते गाव. पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात: दुपारी ३, गाडी दारात.